आहे, पण काय करतो आहे?

हे पुस्तक हातात घेणाऱ्या वाचकाचे वय तिशीच्या पुढे असेल, तर त्याच्या शरीरात हर्पीस कुळातले किमान तीन विषाणू मुक्काम ठोकून आहेत, असे मी त्याचा एकही रिपोर्ट न पाहता लिहू शकतो. पैज हरण्याची शक्यता फारच कमी. एपस्टाइन-बार विषाणू जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांत असतो. हर्पीस-६ आणि हर्पीस-७ या जोडगोळीने बहुतेकांना दुधाचे दात पडायच्या आतच गाठलेले असते. ओठावर फोड आणणाऱ्या हर्पीस सिम्प्लेक्स-१ बद्दल जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज असा, की पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांत तो आहे, म्हणजे त्या वयाच्या ६४ टक्के लोकांत. सायटोमेगॅलो विषाणू अमेरिकेत चाळिशीपर्यंत निम्म्याहून अधिक लोकांना गाठतो. भारतात त्याचे प्रमाण याहून बरेच जास्त. माणसाला लागण करणारे या कुळातले विषाणू आजच्या मोजणीने नऊ. त्यांतला एकही, एकदा आत आला की बाहेर जात नाही.

मग शोधायचे काय, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच आहे. निरोगी माणसात हर्पीस विषाणू सापडला, ही काही बातमी नव्हे. तो कुठे बसला आहे, किती आहे आणि आज या घटकेला काय करतो आहे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींना पुरून उरेल अशी एकही चाचणी आजवर निघालेली नाही. प्रतिपिंडांची चाचणी भूतकाळाबद्दल बोलते, पीसीआर त्या नळीतल्या त्या थेंबाबद्दल बोलते, आणि चेतापेशींत खरोखर काय चालले आहे ते जिवंत माणसात पाहायची सोयच नाही. रिपोर्ट मात्र सगळ्यांना एकाच शिक्क्याने निकालात काढतो. या विषयात गेल्या शंभर वर्षांत जे गोंधळ झाले, त्यांतले बहुतेक या तीन प्रश्नांची सरमिसळ केल्यामुळे झाले असे माझे मत आहे. पुढची प्रकरणे त्याच अंगाने वाचावीत.

आपल्याकडे या कुळाशी पहिली ओळख होते ती नागिणीतून. छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूला आग होते, दोन-तीन दिवसांनी पट्ट्यात पाणीभरले फोड उठतात, आणि घरातले कोणी जाणते माणूस गेरूचा लेप लावायला सांगते. नागिणीचे तोंड आणि शेपूट एकमेकांना मिळाले की माणूस दगावतो, ही धास्ती शिकल्यासवरल्या घरांतूनही अजून गेलेली नाही. ती टोके सहसा मिळत नाहीत याचे कारण शरीररचनेत आहे. पाठीच्या कण्यालगत डावीकडे आणि उजवीकडे चेतापेशींच्या छोट्या गाठी असतात. त्यांना गँग्लियन म्हणतात. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू या गाठींत उरतो आणि चाळीस-पन्नास वर्षांनी त्यांतल्या एखाद्या गाठीतून जागा होऊन तिच्याच तंतूंवाटे कातडीपर्यंत येतो. प्रत्येक गाठीची हद्द शरीराच्या मध्यरेषेला संपते, म्हणून नागीणही तिथेच थांबते.

नागीण आतून येते, बाहेरून लागत नाही, हे ठरवायला मोठी प्रयोगशाळा लागली नाही. इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या गावी एडगर होप-सिम्पसन नावाचे फॅमिली डॉक्टर होते. आपल्या दवाखान्यात येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची ते नोंद ठेवत. सोळा वर्षांत अशा १९२ नोंदी झाल्या. कांजिण्या साथीने येतात आणि जातात. नागीण तशी येत नाही. ती वर्षभर तुरळक पडत राहते, कांजिण्यांच्या साथीशी तिचा मेळ बसत नाही, आणि वय वाढत जाईल तसे तिचे प्रमाण वाढते. साध्या वहीतून त्यांनी हे ताडले आणि १९६५ साली सिद्धान्त मांडला, की विषाणू गाठींत सुप्त राहतो आणि शरीराची त्याच्यावरची पकड सैल झाली की वर येतो. पुरावा यायला आणखी एकोणीस वर्षे गेली. १९८४ मध्ये स्टीफन स्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतला आणि नंतरच्या नागिणीतला विषाणू घेऊन त्यांच्या डीएनएचे तुकडे पाडून ताडून पाहिले. विषाणू तोच निघाला. हा स्ट्राउस पुढे आपल्याला वेगळ्याच प्रकरणात भेटणार आहे.

होप-सिम्पसन यांना जे वहीतून दिसले ते प्रयोगाने दाखवणे फार अवघड होते, कारण सुप्त विषाणूची गंमतच अशी, की शोधायला जावे तर तो नसतो. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९२९ सालीच लिहून ठेवले होते, की ओठावर पुन्हा पुन्हा उठणाऱ्या फोडांचे मूळ चेतागाठींत असावे. पण गाठी काढून, वाटून, त्यांचा रस पेशींवर टाकला की काहीच वाढत नसे. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टीव्हन्स आणि कुक यांनी उंदरांच्या मागच्या पायाच्या तळव्यात हर्पीस सिम्प्लेक्स टोचला. जे उंदीर जगले ते काही आठवड्यांत ठणठणीत झाले. मग त्यांच्या कण्यालगतच्या गाठी काढून अर्ध्या नेहमीप्रमाणे वाटल्या, तेव्हा विषाणू मिळाला नाही. उरलेल्या न वाटता, जिवंत ठेवून, पोषक द्रवात पेशींबरोबर वाढत ठेवल्या. काही दिवसांत त्यांतून विषाणू बाहेर पडू लागला. म्हणजे गाठ वाटली त्या क्षणी तिच्यात विषाणूचा एकही पूर्ण कण नव्हता. होता तो फक्त त्याचा डीएनए. कण तयार व्हायला पेशी जिवंत हवी होती, आणि थोडी बिथरलेलीही.

सुप्त संसर्गाची जी व्याख्या आज पाठ्यपुस्तकांत आहे, ती या प्रयोगातून आली आहे. पुढच्या दोन वर्षांत मृत माणसांच्या कवटीच्या तळाशी असलेल्या ट्रायजेमिनल गाठींतूनही याच पद्धतीने विषाणू निघाला. मरताना त्यांच्या तोंडावर फोडाचा मागमूस नसला तरी. १९८७ मध्ये कळले, की झोपलेला विषाणू अगदीच गप्प नसतो. उंदरांच्या चेतापेशींच्या केंद्रकांत त्याचा एक ठरावीक आरएनए भरपूर सापडतो आणि बाकीची जनुके बंद असतात.

कांजिण्यांच्या विषाणूने मात्र संशोधकांना पुष्कळ वर्षे चकवले. मृतदेहांतल्या गाठींत त्याची अमुक जनुके चालू दिसतात, तमुक दिसतात, असे निबंध येत राहिले आणि एकमेकांशी जुळेनात. घोळ वेळेचा होता. माणूस गेल्यावर गाठ काढायला जितके तास जास्त जातात, तितका मरू घातलेल्या पेशींतला विषाणू जागा व्हायला लागतो, आणि जे दिसते ते सुप्तावस्थेचे नसून मृत्यूनंतरच्या उलथापालथीचे असते. नेदरलंड्समध्ये मेंदूदानाची व्यवस्था चांगली आहे. तिथे मृत्यूनंतर आठ तासांच्या आत काढलेल्या गाठी तपासल्या गेल्या, तेव्हा कुठे २०१८ साली या विषाणूचा खरा सुप्तावस्थेतला आरएनए हाती आला. यंत्रे तोवर जबरदस्त झाली होती, पण हा प्रश्न यंत्राने सुटला नाही. नमुना वेळेवर घेतला म्हणून सुटला. पुस्तकात हा मुद्दा वेगवेगळ्या वेशांत पुन्हा पुन्हा येईल.

चेतापेशींतल्या विषाणूंचे राहू द्या, रक्तातल्यांचे काय? सुई टोचली की रक्त मिळते, मग अडचण काय, असे वाटते. इथे थोडे गणित करू. एपस्टाइन-बार विषाणू निरोगी माणसात बी-पेशींच्या एका विशिष्ट गटात, म्हणजे स्मृती-पेशींत राहतो, हे बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या डेव्हिड थॉर्ली-लॉसन यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवले. दर दहा लाख बी-पेशींमागे लागण झालेल्या पेशी साधारण १ ते ५०. एक मिलिलिटर रक्तात बी-पेशी दोन लाखांच्या आसपास धरल्या, तर त्या मिलिलिटरमध्ये विषाणू बाळगणाऱ्या पेशी निघतील शून्य ते दहा. आता प्रयोगशाळेत काय होते ते पाहा. नळीतून डीएनए काढायला घेतात २०० मायक्रोलिटर, म्हणजे त्या मिलिलिटरचा पाचवा हिस्सा. त्यातून जो डीएनए निघतो त्याचाही बहुधा दहावा हिस्साच पीसीआरच्या नळीत पडतो. यंत्राला दिसायला आपण दिले काय, तर मूळ रक्ताचे वीस मायक्रोलिटर. तळ्यात मासे आहेत की नाहीत हे तांब्याभर पाणी काढून ठरवण्यातला हा प्रकार. रिपोर्टवर ‘आढळला नाही’ येते आणि ते खरेच असते, त्या तांब्यापुरते.

सायटोमेगॅलोचा हिशेब याहून कडक आहे. १९९९ साली स्टॅनफर्डमधल्या स्लोबेडमन आणि मोकार्स्की यांनी निरोगी दात्यांच्या पेशी एक-एक करून मोजल्या, तेव्हा दहा हजार पेशींत विषाणू असलेली पेशी जेमतेम एक, कधी तीही नाही, आणि तिच्यात विषाणूच्या प्रती दोन ते तेरा. म्हणून निरोगी माणसाच्या रक्तद्रवात सायटोमेगॅलोचा डीएनए सहसा सापडत नाही. पण त्याच माणसाच्या प्रतिकारशक्तीकडे पाहिले तर चित्र उलटे. २००५ च्या एका अभ्यासात या विषाणूची सगळी प्रथिने वापरून तपासले, तेव्हा रक्तातल्या स्मृती टी-पेशींपैकी सरासरी दहा टक्के एकट्या याच विषाणूवर नेमलेल्या निघाल्या. दहा हजारांत एक पेशी बाधित, आणि तिच्यावर पहारा ठेवायला स्मृतीच्या फौजेचा दहावा हिस्सा! हा विषाणू आयुष्यभर सतत कुठेतरी चुळबुळ करत असतो याचा याहून ठसठशीत पुरावा मला तरी माहीत नाही.

मग प्रतिपिंडच तपासावेत की! स्वस्त, सोपे, आणि आयुष्यभर टिकणारे. त्यांची ताकद आणि मर्यादा दोन्ही एपस्टाइन-बारच्या गोष्टीत एकत्र दिसतात. हा विषाणू १९६४ मध्ये लंडनला युगांडातल्या मुलांच्या कर्करोगाच्या गाठींतून वाढवलेल्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, पण तो नेमका काय करतो हे कळेना. फिलाडेल्फियात वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले हे दांपत्य त्याचे प्रतिपिंड मोजत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुण तंत्रज्ञ मुलीच्या रक्तात हे प्रतिपिंड नव्हते, म्हणून तिचे रक्त ‘निगेटिव्ह’ नमुना म्हणून वापरात असे. १९६७ मध्ये तिला ताप, घसा आणि गळ्याच्या गाठी असा ग्रंथिज्वर झाला. परतल्यावर तिचे रक्त पाहिले तर प्रतिपिंड आलेले. ग्रंथिज्वराचे कारण सापडले ते असे. चाचणीची करामत यात कमीच; आजाराच्या आधीचा नमुना फ्रीजमध्ये होता, हे भाग्य.

हेच भाग्य २०२२ मध्ये मुद्दाम जमवून आणले गेले. अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून हार्वर्डच्या संशोधकांनी पुढे मल्टिपल स्क्लेरोसिस झालेले रुग्ण निवडले. नमुने उपलब्ध असलेल्या ८०१ रुग्णांपैकी सुरुवातीला ३५ जणांत एपस्टाइन-बार नव्हता. आजार सुरू होईपर्यंत त्यांतल्या ३४ जणांना त्याची लागण झालेली होती. लागणीनंतर या आजाराचा धोका ३२ पटींनी वाढलेला निघाला. जवळपास प्रत्येकात असलेल्या विषाणूचा दुर्मीळ आजाराशी संबंध लावणे किती कठीण असते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच या ३५ लोकांचे मोल कळेल. सगळेच पॉझिटिव्ह असतील तर तुलना कोणाशी करायची?

या दोन यशांच्या मधोमध एक फसगत आहे. १९८४-८५ मध्ये नेव्हाडातल्या ताहो सरोवराकाठच्या इन्क्लाइन व्हिलेज या गावी शेकडो लोक महिनोन्महिने न संपणाऱ्या थकव्याने आजारी पडले. डॉक्टरांनी रक्त तपासले तर एपस्टाइन-बारचे प्रतिपिंड चढे. आजाराला जुनाट एपस्टाइन-बार म्हणण्याची पद्धत पडली, वर्तमानपत्रांनी ती उचलली. मग तपासाला आलेल्या सरकारी पथकाने धडधाकट लोकांचेही रक्त पाहिले. प्रतिपिंडांच्या पातळीवरून आजारी कोण आणि बरा कोण हे भरवशाने सांगता येईना. १९८८ मध्ये आजाराचे नावच बदलून ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ केले गेले. त्याच वर्षी स्ट्राउस यांनी, होय, नागिणीवाल्याच स्ट्राउस यांनी, अशा रुग्णांना असायक्लोव्हिर हे हर्पीसविरोधी औषध देऊन पाहिले. खोट्या औषधापेक्षा त्याचा काही फायदा दिसला नाही. रुग्णांचा थकवा खोटा होता असे यातून निघत नाही. विषाणूला दोषी धरायला वापरलेली चाचणी त्या कामाची नव्हती, एवढेच निघते. पण तेवढे समजून घ्यायला रुग्णांच्या आयुष्याची काही वर्षे गेली, आणि त्यांना धड निदान मिळाले नाही ते नाहीच.

विषाणू जागा होतो हे ठाऊक असले, तरी तो किती वेळा जागा होतो याचा अंदाज कोणालाच नव्हता. सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲना वॉल्ड आणि लॅरी कोरी यांच्या गटाने तो काढला, तोही जवळजवळ घरगुती पद्धतीने. जननेंद्रियांच्या हर्पीसचे, म्हणजे सिम्प्लेक्स-२ चे प्रतिपिंड असलेल्या लोकांना कापसाचे बोळे दिले आणि रोज स्वतःच नमुना घ्यायला सांगितले. फोड असो नसो, खाज असो नसो. यांतल्या कित्येकांना आपल्याला कधी हर्पीस झाला होता हेच माहीत नव्हते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४९८ लोकांच्या आकड्यांत, ज्यांना त्रास होत असे त्यांच्यात २०.१ टक्के दिवशी विषाणू सापडला, आणि ज्यांना कधीच काही झाले नव्हते त्यांच्यातही १०.२ टक्के दिवशी. त्याच गटाने त्याआधी दिवसातून चार वेळाही नमुने घेऊन पाहिले होते. विषाणू वर येऊन पुन्हा नाहीसा होण्याचा मधला काळ निघाला फक्त तेरा तासांचा. सुमारे एक चतुर्थांश वेळा तर सहा तासांत सगळे आटोपलेले. सकाळी नऊला दवाखान्यात घेतलेल्या एका नमुन्याला यातले काय दिसणार? लागण बहुतेक वेळा ज्याला आपण बाधित आहोत हे ठाऊक नाही अशा माणसाकडून होते, हे विधान आता सर्रास केले जाते. त्यामागे या बोळ्यांचे कष्ट आहेत.

निरोगी माणसे म्हणून अंतराळवीरांहून जास्त तपासलेली माणसे पृथ्वीवर सापडायची नाहीत. नासाच्या ह्यूस्टन केंद्रातले सतीश मेहता आणि डुएन पिअरसन वर्षानुवर्षे त्यांची लाळ आणि लघवी तपासत आले आहेत. २०१९ मध्ये त्यांनी एकत्र मांडलेल्या आकडेवारीत शटलच्या छोट्या उड्डाणांतल्या ८९ पैकी ४७ जणांत, आणि अंतराळ स्थानकावर दीर्घ मुक्काम केलेल्या २३ पैकी १४ जणांत, कुठला ना कुठला हर्पीस विषाणू बाहेर पडताना दिसला. कांजिण्यांचा विषाणूही लाळेत आला, अंगावर एक पुरळ नसताना. उड्डाणाचा ताण, बिघडलेली झोप, कॉर्टिसोलची वाढ, टी-पेशींची मंदावलेली धार, अशी त्याची कारणे दिली जातात. बहुतेकांना काहीही झाले नाही. विषाणू बाहेर पडला आणि माणूस ठणठणीत, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे लाळेच्या या नळ्यांइतके नीट मला दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. हर्पीस-७ तर सापडलाच मुळी एका निरोगी माणसाच्या टी-पेशींत, १९९० मध्ये. दोनच वर्षांत कळले, की तो बहुतेक प्रौढांच्या लाळेत कायमच असतो.

याच्या अगदी उलट टोकाचा चकवा हर्पीस-६ देतो. साधारण शंभरात एका माणसात या विषाणूचा अख्खा जीनोम गुणसूत्राच्या टोकाशी जोडलेला असतो, आईकडून किंवा वडिलांकडून वारशाने आलेला, आणि म्हणून शरीरातल्या प्रत्येक केंद्रकधारी पेशीत. अशा माणसाच्या रक्ताची पीसीआर केली की मिलिलिटरमागे लाखोंनी प्रती दिसतात. रिपोर्ट पाहणाऱ्याला वाटते, संसर्ग भडकला आहे. तीव्र विषाणूरोधक औषधे सुरू होतात, किडनीवर त्यांचा ताण पडतो, आणि आकडा काही केल्या उतरत नाही, कारण उतरण्यासारखे तिथे काही नसते. केसाचे मूळ किंवा नख तपासले की उलगडा होतो; तिथे भटकता विषाणू असण्याचे कारण नाही, वारशाने आलेला मात्र असणारच. अलीकडच्या संपूर्ण जीनोम वाचण्याच्या प्रकल्पांत असे विषाणू आपसूक हाती लागतात. २०१७ मध्ये ८,२४० लोकांच्या रक्तातला माणसाचा डीएनए बाजूला काढून उरलेला पाहिला, तेव्हा ४२ टक्के लोकांत कुठल्या ना कुठल्या विषाणूच्या खुणा निघाल्या, आणि त्यांत हर्पीस कुळाचा वाटा मोठा होता. प्रयोगशाळेतल्या रसायनांतून आलेल्या विषाणूंचे अंशही त्यात मिसळलेले होते, ते निवडून काढावे लागले, ही त्यातली कमी सांगितली जाणारी बाजू.

आता आपल्या अंगणात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबच्या दरपत्रकावर ‘टॉर्च’ नावाची चाचणी असते. एखाद्या बाईचा गर्भ एक-दोनदा पडला, की ती हमखास लिहून दिली जाते. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पीस, यांच्या प्रतिपिंडांच्या आयजीजी आणि आयजीएम या दोन प्रकारांचे मिळून आठ आकडे कागदावर येतात. त्यांतले आयजीजीचे दोन-तीन पॉझिटिव्ह असणार हे या प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदावरूनच सांगता यावे. घरात मात्र त्याचा अर्थ ‘सुनेला इन्फेक्शन आहे’ असा लावला जातो, आणि मग गोळ्या, पुन्हा चाचणी, पुन्हा तोच आकडा. सायटोमेगॅलोचा आयजीजी आयुष्यभर पॉझिटिव्हच राहतो. गोळ्यांनी तो जात नाही आणि जायची गरजही नसते. आयजीएम तरी निर्णायक असावा, तर तोही जुना संसर्ग जागा झाल्यावर किंवा दुसऱ्याच विषाणूच्या प्रतिसादात वर येतो. शंका असेल तिथे आयजीजीची पकड किती घट्ट आहे हे मोजणारी ॲव्हिडिटी चाचणी करतात: पकड घट्ट असेल तर संसर्ग जुना. आणि जन्मजात सायटोमेगॅलोची शंका असेल, तर बाळाची लघवी किंवा लाळ जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत तपासावी लागते. नंतर सापडला तर जन्माआधीचा की जन्मानंतरचा हे सांगता येत नाही.

एक बाजू इथे प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आईला आधी संसर्ग झालेला असला म्हणजे बाळ पूर्ण सुरक्षित, असे नाही. भारतासारख्या देशात, जिथे जवळपास प्रत्येक आई आधीच पॉझिटिव्ह असते, तिथे जन्मजात सायटोमेगॅलोची बहुतेक बाळे अशाच मातांची असतात. विषाणू पुन्हा जागा झाल्याने किंवा नव्या वाणाची लागण झाल्याने. म्हणून ‘आयजीजी पॉझिटिव्ह, काळजी नको’ हेही वाक्य अर्धवटच. अडचण एवढीच, की त्या मातांपैकी कोणाच्या बाळाला धोका आहे हे आयजीजीचा आकडा सांगत नाही.

सिम्प्लेक्स-२ च्या चाचणीबद्दलही थोडे सावध करतो. लग्नाआधीच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ती घातली गेली, की नको त्या प्रश्नांना तोंड फुटते. नेहमीच्या चाचणीत निर्देशांक १.१ च्या वर गेला की पॉझिटिव्ह छापले जाते. पण ३ च्या खालचे आकडे दुसऱ्या पद्धतीने पडताळल्याशिवाय खरे मानू नयेत, असे अमेरिकेच्या सीडीसीचे म्हणणे आहे. लक्षणे नसलेल्या लोकांची सरसकट तपासणी करू नये, ही तिथल्या प्रतिबंधक सेवा कृतिगटाची शिफारस २०१६ ची आणि पुन्हा २०२३ ची. कारण सरळ आहे. खोट्या पॉझिटिव्हने एखादे लग्न मोडेल, आणि खऱ्या पॉझिटिव्हनेही लक्षणे नसलेल्या माणसाच्या उपचारात सहसा फारसा फरक पडणार नाही.

फरक पडतो तिथे मात्र हीच साधी चाचणी सोन्याच्या मोलाची ठरते. किडनीचे रोपण करण्याआधी दाता आणि घेणारा, दोघांचाही सायटोमेगॅलोचा आयजीजी पाहतात. दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह, ही जोडी सर्वांत धोक्याची, कारण अवयवाबरोबर विषाणू अशा शरीरात जातो ज्याने तो कधी पाहिलेला नाही, आणि त्याच शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते. अशा रुग्णाला व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर साधारण दोनशे दिवस देतात. नागिणीच्या लशीचे उलटे: पन्नाशीनंतर ती घ्यावी असा सल्ला देताना कांजिण्या होऊन गेल्या का हे पाहायला कोणी रक्त तपासत नाही, होऊन गेल्या असे धरूनच चालतात. अमेरिकेत १९८० च्या आधी जन्मलेल्यांबद्दल ते जवळजवळ शंभर टक्के खरे आहे. उष्ण प्रदेशांत मात्र कांजिण्या उशिरा, कित्येकदा ऐन तारुण्यात होतात. तेव्हा २०२३ पासून भारतात मिळू लागलेली ही लस घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाच्या चेतागाठीत विषाणू आहे की नाही, हे पाश्चात्त्य आकड्यांवरून गृहीत धरणे थोडे धाडसाचेच. ती गाठ उघडून पाहायला त्याच्या हयातीत तरी कोणी जाणार नाही. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण, ती न उघडता तिच्यातले काही कळू शकेल का, यावर चाललेल्या कामाचे आहे.